हिराताईंचा मराठी शेल

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हिराताई ओव्हाळ राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यात आमची रोज गाठ पडते, आणि पडली की माझं काहीतरी चुकलेलं असतं. एकदा मी त्यांच्या दाराला चिठ्ठी अडकवून आलो होतो, 'आलो होतो, आपण न्हवता'. संध्याकाळी ती चिठ्ठी माझ्या दाराला परत आली. 'न्हवता' खोडून वर लाल पेनाने 'नव्हता' लिहिलेलं होतं आणि खाली सही आणि तारीख.

सही-तारखेची सवय नोकरीतली. सदतीस वर्षं त्या एका सरकारी कार्यालयात होत्या. लिपिक-टंकलेखक म्हणून लागल्या आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. मराठी टंकलेखनात त्यांचा हात असा की साहेब मजकूर सांगताना खोकले, तर तेवढ्या वेळात त्या मागच्या ओळीतलं साहेबांचं व्याकरण नीट करून घ्यायच्या. स्वतः टाइप करताना अक्षर चुकलंय असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मशीन जाऊन कॉम्प्युटर आले तरी ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप बाहेर जायचा, टाइपरायटरची गाडी ढकलायला. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने आपली खुर्ची कायमची हातभर लांब सरकवून घेतली होती.

कॉम्प्युटर नवीन आले तेव्हा ते बसवायला आलेल्या एका तरुणाने त्यांना सांगितलं होतं, की मॅडम, तुम्ही फक्त टाइप करा, आतलं तुम्हाला नाही समजणार.  हिराताईंनी ते मनाच्या आवक रजिस्टरात नोंदवून ठेवलं, आणि नोंदवलेल्या पत्राला उत्तर गेल्याशिवाय फाइल बंद करायची नाही, ही त्यांची रीत.

निवृत्तीनंतर पहिले सहा महिने त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लक्ष दिलं. आमचे सेक्रेटरी नागोराव यांनी 'उद्या टाकी धुन्यात येईल' असं टाकलं, की दोन मिनिटांत खाली हिराताईंचं शुद्धिपत्रक. नागोरावांनी शेवटी ग्रुप असा करून घेतला की फक्त तेच लिहू शकतील. मग हिराताईंनी मोर्चा आपल्या मुलीकडे वळवला. चैताली बाणेरला राहते आणि हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. तिचे इंग्रजी अक्षरांतले मराठी निरोप दुरुस्त होऊन तिच्याकडेच परत जायला लागले. पंधरा दिवसांनी ती फोनवर वैतागून म्हणाली, "आई, तू कॉलेजला का जात नाहीस?"

हा टोमणा होता. हिराताईंनी तो सूचना म्हणून घेतला. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून त्या घरात शिक्षणाबद्दल कुणी काही सुचवलं की ते चेष्टेवारी न्यायची पद्धत नाही. पुढच्या आठवड्यात हिराताईंनी बीसीएला प्रवेश घेतला. वय एकोणसाठ.

अभ्यासकेंद्र धायरीत होतं. जुन्या गावठाणाच्या कडेला रायकरांची तीन मजली इमारत आहे. पहिल्या मजल्यावर वर्ग आणि कॉम्प्युटर लॅब. ती चालवायचा विश्वजीत रायकर, सत्तावीस वर्षांचा, तोच शिकवायचाही. खाली ओट्यावर त्याचे आजोबा गेनबा दिवसभर बसलेले असत. जिथे आता चार इमारती उभ्या आहेत तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता. येणारं-जाणारं प्रत्येक पोरगं ते पूर्वी जसा बैल पारखत तसं पारखून घ्यायचे.

वर्गातली मुलं पहिल्या दिवशी हिराताईंना काकू म्हणाली. त्यांनी सांगितलं, की मी तुमच्यापैकी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही, ओव्हाळ मॅडम म्हणायचं. त्याचा परिणाम असा झाला की उशिरा प्रवेश घेतलेल्या तिघांना त्या शिक्षिका वाटल्या. तिघांनी आपापली जर्नलं त्यांच्याकडे तपासायला दिली. हिराताईंनी ती लाल पेनाने तपासली, शेरे दिले, एकाला पुन्हा लिहून आणायला सांगितलं. पंधरा दिवस हे चाललं. विश्वजीतला कळलं तेव्हा त्याने ती जर्नलं चाळली आणि खाली स्वतःच्या सह्या केल्या, कारण शेरे बरोबर होते.

दोन वर्षं अशीच गेली. पाचव्या सेमिस्टरला शेल आला.

शेल म्हणजे काय हे हिराताईंनी मला जिन्यात उभं राहून समजावलं होतं, दुधाची पिशवी हातात धरून. कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी असते ना, जिच्यात शब्द लिहिला की काम होतं, ती शेल चालवतो. गंमत अशी की शेल स्वतः काहीच काम करत नाही. आज्ञा आली की तो स्वतःची हुबेहूब प्रत काढतो. त्या प्रतीला मूल म्हणायचं. काम सगळं ते मूल करतं. मूल आधी आपण कोण होतो ते पार विसरतं, ज्या प्रोग्रामची आज्ञा असेल तो प्रोग्राम बनतं, काम उरकतं आणि मरतं. तोपर्यंत पालक नुसता थांबून राहतो. मूल गेल्याची नोंद घेतो आणि पुढच्या माणसाला विचारतो, काय पाहिजे.

मी म्हणालो, म्हणजे तुमच्या साहेबांसारखं. हिराताई म्हणाल्या, साहेब नोंद घेत नसत.

विश्वजीतने सगळ्यांना असा छोटा शेल लिहायला सांगितला. बाकीच्यांनी पुस्तकातला उतरवून काढला. हिराताईंनी ठरवलं, आपला शेल मराठी बोलेल. सदतीस वर्षं त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसांशी बोलण्यात घालवली होती, तेव्हा काय बोलायचं याचा प्रश्न नव्हता. इतरांच्या शेलमध्ये नुसतं डॉलरचं चिन्ह लुकलुकायचं, हिराताईंचा शेल 'बोला:' म्हणून थांबायचा. 'तारीख' लिहिलं की तारीख, 'यादी' लिहिलं की फायलींची यादी, 'दिनदर्शिका' लिहिलं की महिना. न समजणारा शब्द आला तर 'ही आज्ञा येथे मिळत नाही.' काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर 'काम नसल्यास गर्दी करू नये.'

अडचण आली ती शेल बंद करायच्या आज्ञेची. बाकी सगळ्यांकडे तिथे 'एक्झिट' होतं. हिराताईंनी दोन दिवस विचार करून 'येते' हा शब्द घेतला. 'येते' लिहिलं की शेल 'या परत.' म्हणे आणि बंद होई. विश्वजीतने तपासताना मुद्दाम 'जाते' लिहून पाहिलं. उत्तर आलं, 'जाते म्हणू नये. येते म्हणावे.' त्याने विचारलं, मुलांनी काय लिहायचं, येतो का? हिराताई म्हणाल्या, शेल बाईने लिहिलेला आहे, येणाऱ्याने जमवून घ्यावं. विश्वजीतने जर्नलवर सही केली. तो इतका हसत होता की पुढचं काही तपासायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

चूक झाल्यावर काय होतं हे हिराताईंनीही एकदाच करून पाहिलं होतं. मुद्दाम एक भलता शब्द लिहिला, 'ही आज्ञा येथे मिळत नाही' असं अगदी शुद्ध उमटलं, त्या खूश झाल्या आणि त्यांनी लॅपटॉप मिटवला. नंतर शंभरदा शेल चालवला, पण शब्द चुकीचा टाइप होणं हे त्यांच्या बोटांना माहीतच नसल्यामुळे ते वाक्य पुन्हा कधी पडद्यावर आलं नाही.

मूल, पालक, अनाथ हे सगळं हिराताई कटाक्षाने मराठीतच बोलायच्या. त्यांच्या शेजारी बसणारी शेफाली वारज्याहून यायची, वीस वर्षांची, हुशार. ती आधी चाइल्ड आणि पॅरेंट म्हणायची, पण ओळ संपताना बाहेर येणाऱ्या त्या डाव्या हाताचे दोन-चार फटके खाल्ल्यावर आणि रोजची शेजारीण झाल्यावर तीही मराठीत बोलायला लागली. एका दुपारी दोघी चहा घेऊन खाली ओट्याच्या टोकाला बसल्या. शेफालीचा शेल बिघडला होता.

"मॅडम, माझं मूल मरून पडलंय," शेफाली म्हणाली. "पालकाने पाहिलंसुद्धा नाही. झॉम्बी झालंय ते."

"मग काढून टाक."

"मेलेल्याला परत कसं मारणार? आधी त्याच्या पालकाला मारावं लागेल."

"मार. पण त्याची बाकीची मुलं अनाथ होतील."

"होऊ देत. त्यांना एक नंबरवाला दत्तक घेतो."

हिराताईंनी मान डोलावली, चहा संपवला आणि दोघी वर गेल्या. त्यांना वाटलं आपण अभ्यासाचं बोललो. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेनबा बसले होते. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली होती.

शेफाली जे बोलत होती ते त्या दोघींच्या जगात अगदी सरळ होतं. मूल काम संपवून मेलं आणि पालकाने त्याची नोंदच घेतली नाही, तर त्याचं नाव यादीत तसंच लोंबकळत राहतं. पालकालाच बंद केलं, की कॉम्प्युटरमधला सगळ्यात पहिला, एक नंबरचा प्रोग्राम उरलेल्यांना पदरात घेतो आणि सगळं मार्गी लावतो. पण हे गेनबांना कोण सांगणार? ते संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत.

साडेपाचला संजयराव स्कूटर घेऊन हिराताईंना न्यायला आले. संजयराव म्हणजे त्यांचे यजमान, एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. बोलतात कमी, आणि बोलले की समोरच्याला नंतर रात्रभर विचार करावा लागतो. गेनबांनी त्यांना हाताने जवळ बोलावलं.

"पावनं, तुमीच का त्या बाईंचं मालक?"

"नवरा आहे," संजयराव म्हणाले. "मालकी त्यांच्याकडे असते."

गेनबांनी ते सोडून दिलं. पोरं किती, विचारलं. संजयरावांनी सांगितलं, एक मुलगी, बाणेरला असते, ठीक आहे. गेनबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"मग आज मेलं ते पोरगं कुनाचं?"

आता संजयरावांच्या घरात महिनाभर जेवताना हाच विषय चालू होता. त्यांना त्यात वावगं असं काहीच वाटलं नाही.

"किती मेली?" त्यांनी विचारलं.

"एक मेलं म्हनं. आन् त्येच्या बापाला बी मारायचं ठरलंय."

"एकच ना," संजयराव म्हणाले. "काल आमच्याकडे साठ-सत्तर गेली. स्वयंपाकघरातच बसल्या होत्या या. एक पालक मारला, सगळी साफ झाली. मग जेवलो."

गेनबा उठून उभे राहिले. ते सहसा कुणाच्या आधाराशिवाय उठत नाहीत. त्यांनी वर तोंड करून विश्वजीतला अशी हाक मारली की समोरच्या पिठाच्या गिरणीतली बाई बाहेर आली. विश्वजीत धावत खाली आला, तर आजोबा संजयरावांच्या स्कूटरची किल्ली मुठीत घट्ट धरून उभे, आणि संजयराव शांतपणे विचारतायत की किल्ली कशाला पाहिजे.

समजूत काढायला अर्धा तास लागला. शब्दांनी काही होईना, तेव्हा विश्वजीत आजोबांना हाताला धरून लॅबमध्ये घेऊन गेला. हिराताईंनी खुर्ची दिली, शेल चालू केला आणि दाखवलं. 'बोला:' असं आलं. गेनबा म्हणाले, "राम राम." ते टाइप करावं लागतं हे त्यांना सांगण्यात आलं. मग हिराताईंनी 'दिनदर्शिका' लिहून महिना काढून दाखवला आणि सांगितलं, की हे काढायला आत एक मूल जन्मलं, त्याने हा महिना छापला आणि ते गेलं.

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

"आन् बाप?"

"थांबला होता. ते गेलं तशी नोंद घेतली आणि पुन्हा 'बोला' म्हणाला."

गेनबांनी पडद्यावरच्या महिन्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी स्कूटरची किल्ली हिराताईंच्या हातात दिली. "थांबतोय न्हवं पोराचं हुईस्तवर," ते म्हणाले. "मग ठीक हाय." त्या दिवसापासून हिराताई जिना चढायला लागल्या की ते विचारायचे, "पोरं बरी हायत का?" आणि हिराताई कालच्या दिवसाचा आकडा सांगायच्या.

प्रात्यक्षिक परीक्षा डिसेंबरात होती. सकाळी हिराताईंनी दिवाणखान्यातल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्ती लावली आणि स्वच्छ इस्त्रीची पांढरी साडी नेसून निघाल्या. जिन्यात मला जयभीम करून म्हणाल्या, सगळं पाठ आहे, तरी रात्री दोनदा उठून वाचलं. मी म्हणालो, काही चुकणार नाही तुमचं. त्या म्हणाल्या, ते माहीत आहे.

पुढचं मला शेफालीने सांगितलं आणि काही हिराताईंनी. बाहेरून आलेल्या परीक्षक होत्या दीपाली मॅडम. त्यांना सर्दी झाली होती, आणि त्यांच्याबद्दल असं ऐकिवात होतं की त्या हसून नापास करतात. टेबलावर घडी घातलेल्या स्लिपा ठेवल्या होत्या, ज्याने त्याने एक उचलायची. हिराताईंनी उचलली. शेल.

त्यांनी पाऊण तासात प्रोग्राम लिहिला आणि उरलेला वेळ तो शब्दाशब्दाला बोट लावून वाचला. शेफाली त्या दिवशी त्यांच्या उजवीकडे बसली होती. डावीकडच्या मुलाला कल्पना नव्हती. पहिल्या दहा ओळींत त्याचा चष्मा दोनदा पडला.

दीपाली मॅडम आल्या, रुमाल नाकाला लावून खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे पाहिलं. 'बोला:'

"हे मराठीत का केलंय?"

"इंग्रजीतच करावा असं स्लिपवर नाही," हिराताई म्हणाल्या.

मॅडमनी स्लिप मागून घेतली, वाचली, परत दिली. मग सहज एंटर दाबलं. 'काम नसल्यास गर्दी करू नये.' त्यांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला. खूप वर्षांत त्यांच्याशी कुणी असं बोललं नसावं. मागे विश्वजीत उभा होता, तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

हिराताईंनी 'तारीख' आणि 'यादी' करून दाखवलं. सगळं नीट आलं. मग परीक्षक करतात ते दीपाली मॅडमनी केलं, काहीतरी अर्थहीन लिहून पाहिलं. चार इंग्रजी अक्षरं, एंटर. 'ही आज्ञा येथे मिळत नाही.' त्यांना ते वाक्य आवडलं असावं, कारण त्यांनी आणखी एकदा केलं. मग आणखी एकदा. एकदा स्वतःचं नाव लिहिलं. तेही येथे मिळत नव्हतं. पाचव्यांदा त्यांनी नुसती पाची बोटं कीबोर्डवर आपटली, तरी उत्तर तेच, त्याच शांतपणे.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "बंद करा."

हिराताईंनी 'येते' लिहिलं.

'या परत.' आणि खाली लगेच, 'बोला:'

हिराताईंना वाटलं आपलं बोट नीट बसलं नाही, जे आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा 'येते' लिहिलं. 'या परत.' 'बोला:'

"बंद करा म्हटलं मी."

'येते.' 'या परत.' 'बोला:'

लॅबमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, आमच्या मावशी निघताना अगदी असंच करतात, येते येते म्हणत दारात पाऊण तास. कुणीतरी फिस्सकन हसलं. शेफालीला रडू यायला लागलं होतं. विश्वजीत खिडकीबाहेर इतका वाकला होता की गेनबांनी खालून त्याला काय झालं म्हणून विचारलं.

हिराताईंनी हात मांडीवर ठेवले. त्यांचे डोळे पडद्यावर होते, आणि ओठ हलत होते, जणू मनातल्या मनात कागद मोजतायत. 

"अजून तीनदा म्हणावं लागेल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"येते. अजून तीनदा म्हटलं की बंद होईल."

"कशावरून?"

"आपण पाच चुका केल्यात."

 दीपाली मॅडमनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"आणि मी एक," हिराताई म्हणाल्या. हे त्यांनी जरा हळू म्हटलं.

मग त्यांनी तीन वेळा 'येते' लिहिलं. दोनदा 'बोला:' पुन्हा आलं आणि तिसऱ्यांदा शेल गुपचूप बंद झाला. मागच्या बाकावरच्या मुलाने टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले.

मॅडमनी समजावून सांगायला सांगितलं. हिराताईंनी सांगितलं, की भलता शब्द आला तरी माझा शेल आधी मूल काढतो आणि त्याला कामावर धाडतो. मूल जातं, पाहतं तर त्या नावाचं काम कुठेच नाही. तेव्हा 'येथे मिळत नाही' असं म्हणायला मी त्याला शिकवलं. पण म्हणून झाल्यावर त्याने निघून जावं, हे मी त्याला सांगितलंच नाही. काम मिळालं असतं तर ते स्वतःला विसरलं असतं. काम मिळालं नाही, म्हणून ते विसरलंही नाही, मेलंही नाही. ते पालकाची हुबेहूब प्रत, त्याने खिडकीत बसून 'बोला' म्हणायला सुरुवात केली. खरा पालक मागे त्याची वाट बघत उभा. पुढची चूक झाली की या मुलालाही मूल झालं, तेही तसंच खिडकीत येऊन बसलं.

"म्हणजे मघाशी किती जण बसले होते?"

"पाच, आणि मूळचा एक. मी प्रत्येक वेळी सगळ्यात धाकट्याचा निरोप घेत होते."

दीपाली मॅडमना शिंक आली, किंवा त्यांनी ती आणली. बराच वेळ त्या रुमालात होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, दुरुस्त करा. हिराताईंनी एक ओळ घातली, की मिळत नाही असं सांगून मुलाने तिथेच संपावं. मॅडमनी पुन्हा पाची बोटं आपटली, चार वेळा. एका 'येते'मध्ये शेल बंद झाला. मग मॅडमनी विचारलं, की हे आधी कधी सापडलं कसं नाही? हिराताई म्हणाल्या, "माझं टायपिंग चुकत नाही." त्यात बढाई नव्हती. त्या अगदी खिन्न होऊन म्हणाल्या, असं शेफाली सांगते.

संजयराव न्यायला आले होते. दोघं सिंहगड रोडला लागली. संजयरावांनी विचारलं, कसं गेलं? त्या म्हणाल्या, एक चूक झाली. त्यांनी विचारलं, कुणाची?

"माझी."

संजयरावांनी वडगावच्या पुलाअलीकडे स्कूटर बाजूला घेतली आणि स्टँडवर लावली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. त्यांनी हेल्मेट काढलं, मागे वळून नीट पाहिलं, आणि पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. हिराताईंनी म्हटलं नाही. पण शेजारीच उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथे दोघं बसली. दुसऱ्या ग्लासावर हिराताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मग त्यांना थांबता येईना. सहा जण एका खुर्चीत, एवढंच त्या म्हणत होत्या.

पस्तीसपैकी एकतीस मिळाले. चैतालीने आईचा शेल मागून घेतला आणि ऑफिसात एका शुक्रवारी सगळ्यांच्या मशीनवर टाकला. तिच्या टीममध्ये कानपूरहून आलेला एक सहा फुटी गृहस्थ आहे, राजबिंडा, मिशीवाला. त्याला मराठी एवढंच येतं जेवढं त्या शेलने शिकवलं. तो आता दर मीटिंगच्या शेवटी उठतो, सगळ्यांना नमस्कार करतो आणि भारदस्त आवाजात "येते" म्हणून निघून जातो. चैतालीने त्याला दुरुस्त केलेलं नाही. हे तिने आईला अजून सांगितलेलं नाही.

जूनमध्ये अंतिम निकाल लागला. हिराताई पहिल्या वर्गात पास झाल्या. त्या रविवारी पेढे द्यायला मला वर बोलावलं होतं. हिराताईंच्या आई सुंदराबाई येरवड्याहून मुद्दाम आल्या होत्या, वय सत्त्याऐंशी, ऐकायला कमी येतं पण नजर पक्की. त्यांनी गुणपत्रिका हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली, उजेडात धरली, मागे काहीच छापलेलं नाही याबद्दल विचारलं. मग त्यांनी विचारलं, आता हिला नोकरी लागेल का? हिराताईंनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, की आई, मी रिटायर होऊन साडेतीन वर्षं झाली.

"मग रिटायर व्हायची एवढी घाई कशाला केलीस," सुंदराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेढ्यांचा डबा पुढे ओढला.